एका आढ्याचे पाणी

घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन्हीकडच्या पागोळ्यांनी उतरतो, तसाच बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांकडे निघतो. सुमारे ७९२ मीटर उंचीवर उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला वळते आणि जांबोटी, खानापूर, सौंदत्ती असा प्रवास करीत कूडलसंगमला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. याच शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो, आणि पणजीजवळ मांडवी या नावाने ते पाणी अरबी समुद्रात जाते.

हा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, उन्हाळ्यात करपल्यासारखा दिसतो, परंतु दगड जवळून पाहिला की त्याची मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसतात. जून ते सप्टेंबरचा पाऊस या छिद्रांतून आत मुरतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि सड्याच्या कडेला, राईच्या सावलीत, पाझर होऊन बाहेर येतो. एप्रिलच्या अखेरीस छायाचित्रात टिपलेला हा झरा जेमतेम अंगठ्याएवढा आहे. कोणीतरी त्याला बांबूची पन्हळ लावली आहे आणि खाली कळशी ठेवली आहे; ती भरेपर्यंत थांबावे लागते, पण ती भरते. आम्हाला नदीचा खरा उगम अशा असंख्य पाझरांतच दिसतो.

देगावजवळ उगम पावलेली म्हादई गवाळी, कोंगळे, आमगाव या गावांच्या परिसरातील पाणी गोळा करीत भीमगडच्या रानातून वाहते. २०११ साली हे रान अभयारण्य झाले. पुढे वज्रपोहा धबधब्यावर ती कातळावरून कोसळते, तेव्हा पांढरीशुभ्र उधळते.

कणकुंबीत खोदलेला हा कालवा कळशाचे पाणी हुबळी-धारवाडला पिण्यासाठी मलप्रभेकडे वळवण्यासाठी आहे. ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात म्हादई जलविवाद लवादाने त्यासाठी कळशाचे १.७२ आणि भांडुरा या दुसऱ्या नाल्याचे २.१८, असे एकूण ३.९ अब्ज घनफूट पाणी कर्नाटकाला दिले. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे, हे आम्ही मनापासून मानतो. परंतु मलप्रभाही याच सड्यांवर आणि याच रानावर जगते, आणि हे रान तुटले तर दोन्ही नद्या आटतील.

कालव्याच्या कापलेल्या लाल दरडीतून, जमिनीपासून दोन हात खाली, पाझर अजूनही ठिबकतो आहे.