जिथे बोली लागत नाही : अमेरिकी बेसबॉलचा ड्राफ्ट आणि त्यातील प्रस्तावित बदल

आयपीएलचा लिलाव आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिला आहे. विशीतल्या एखाद्या मुलाचे नाव पुकारले जाते, दोन संघ फलक वर करू लागतात, तिसरा मध्येच उतरतो आणि काही लाखांच्या मूळ किमतीवरून सुरू झालेली बोली कोटींच्या घरात जाते. माणसांचा लिलाव हे शब्द कानाला खटकतात हे खरे, पण त्या लिलावात मुलाच्या बाजूने एक गोष्ट असते, ती म्हणजे त्याला मागणारे एकाहून जास्त असतात. आज मी अमेरिकेतल्या ज्या व्यवस्थेविषयी बोलणार आहे, तिच्यातून नेमकी हीच गोष्ट काढून घेतलेली आहे. मेजर लीग बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये ३० संघ ठरलेल्या क्रमाने एकेका हौशी खेळाडूचे नाव घेतात, आणि ज्याने नाव घेतले त्याच्याशीच त्या खेळाडूला बोलणी करता येतात. तो करार पटला नाही तर मुलाने महाविद्यालयात जावे किंवा पुढच्या ड्राफ्टची वाट पाहावी, एवढेच त्याच्या हातात उरते. मी कामगार कायद्याचा अभ्यासक आहे, खेळाडू नाही, आणि मला या विषयाकडे ओढले ते याच एका नियमाने.

हा नियम कुठून आला ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर संघमालक शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलांवर इतका पैसा उधळू लागले की तो आवरण्यासाठी त्यांनी स्वतःवरच एक बंधन घालून घेतले. १९५० च्या दशकात ते असे होते की करारावर सही करताना चार हजार डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेला मुलगा दोन वर्षे मुख्य संघातच ठेवला पाहिजे. सँडी कोफॅक्स १९ वर्षांचा असताना ब्रुकलिन डॉजर्सच्या मुख्य संघात आला तो याच नियमामुळे. त्याने खालच्या लीगमध्ये सराव करायचा ती वर्षे बाकावर बसून घालवली. तरीही बोनस वाढतच राहिले, आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिक रायकार्ट याला २ लाख ५ हजार डॉलर दिले, तेव्हा मालकांचा धीर सुटला. पुढच्याच वर्षी, जून १९६५ मध्ये, पहिला ड्राफ्ट झाला. त्यात सर्वांत आधी निवडला गेलेला रिक मंडे याला मिळाले सुमारे १ लाख डॉलर, म्हणजे वर्षभरापूर्वीच्या विक्रमाच्या निम्मे. रायकार्टचा आकडा ओलांडला गेला तो थेट १९७९ मध्ये. दुर्बल संघांना चांगले खेळाडू मिळावेत हा ड्राफ्टचा सांगितला जाणारा हेतू मी खोटा मानत नाही. पण पहिल्या दिवसापासून त्याने चोख बजावलेले काम मजुरीचा दर खाली ठेवण्याचे आहे, आणि बदलाचा कोणताही प्रस्ताव वाचताना हे विसरता कामा नये.

२०१२ पासून या व्यवस्थेला आणखी एक कुंपण आले. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक रक्कम नेमून दिलेली असते आणि त्या सगळ्या रकमांची बेरीज म्हणजे त्या संघाचा बोनसचा गल्ला. गल्ल्याच्या वर पाच टक्क्यांपर्यंत खर्च केला तर ज्यादा रकमेवर ७५ टक्के कर बसतो. त्यापलीकडे गेले तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जाते. ही पाच टक्क्यांची रेषा आजवर एकाही संघाने ओलांडलेली नाही, यावरून ते कुंपण किती पक्के आहे हे कळते. एखादी निवड करारावाचून राहिली तर तिच्या क्रमांकाची रक्कम गल्ल्यातून वजा होते. हे कलम कागदावर निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात त्याने काय होऊ शकते, ते २०१४ साली दिसले.

त्या वर्षी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाने पहिल्या क्रमांकावर ब्रेडी एकन या सॅन डिएगोच्या १७ वर्षांच्या डावखुऱ्या पिचरला निवडले. क्रमांकाची रक्कम ७९ लाख डॉलरच्या वर होती. दोन्ही बाजूंची सहमती झाली होती ६५ लाखांवर. मग वैद्यकीय तपासणी झाली, कोपराच्या अस्थिबंधाच्या घडणीबद्दल संघाच्या डॉक्टरांना शंका आली आणि संघाने देकार खाली आणला. मुलाच्या बाजूचे म्हणणे होते की कोपर दुखत नाही, चेंडू पूर्वीच्याच वेगाने जातो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संघ ५० लाखांपर्यंत वर आला, पण तोवर विश्वास संपलेला होता आणि करार झाला नाही. या घटनेत दुसरा एक मुलगा होता, जेकब निक्स. पाचव्या फेरीत निवडलेल्या निक्सशी १५ लाखांचे ठरले होते, पण एकनची सही न झाल्याने गल्ला आटला आणि निक्सचा करारही गेला. ज्याच्या कोपराविषयी कोणालाही शंका नव्हती, त्याचे पैसे दुसऱ्याच्या कोपरामुळे बुडाले. पुढच्या मार्चमध्ये एकनच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणजे डॉक्टरांची भीती अनाठायी नव्हती. २०१५ मध्ये क्लीव्हलँडने त्याला १७ व्या क्रमांकावर घेतले, परंतु मेजर लीगपर्यंत तो पोहोचला नाही. ह्यूस्टनला मात्र नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाची भरपाई मिळाली आणि तिच्यातून त्यांनी पुढे मोठा खेळाडू ठरलेला अ‍ॅलेक्स ब्रेगमन घेतला. संघाला भरपाई देणारे कलम त्या पुस्तकात होते, पण मुलाला भरपाई देणारे एकही नव्हते.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२२ च्या सामूहिक करारात यावर काही इलाज झाला. ड्राफ्टपूर्वीच्या क्रमवारीतल्या पहिल्या ३०० खेळाडूंपैकी जो स्वतःहून वैद्यकीय तपासणीला तयार झाला, तो निवडला गेला तर त्याला क्रमांकाच्या किमान ७५ टक्के रक्कम देऊ करावी लागते. याच करारात लॉटरी आली : प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) न गाठलेल्या १८ संघांत पहिल्या सहा क्रमांकांची सोडत, आणि तळच्या तीन संघांना प्रत्येकी १६.५ टक्के संधी. मुद्दाम हरण्याला आळा बसावा हा उद्देश. डिसेंबर २०२३ मध्ये अवघी २ टक्के संधी असलेल्या क्लीव्हलँडला पहिला क्रमांक मिळाला. वृत्तपत्रांनी लॉटरीवर रकानेच्या रकाने लिहिले. माझ्या मते तो मालकांचा आपसातला हिशेब आहे. मुलाला फार तर शहर बदलून मिळते. निवडीच्या क्रमांकांची मुक्त अदलाबदल करू द्यावी हा प्रस्तावही त्याच जातीचा आहे. आज फक्त ‘स्पर्धा-समतोला’साठी कमी उत्पन्नाच्या किंवा लहान बाजारपेठेच्या संघांना दिलेले जादा क्रमांकच विकता येतात, उद्या सगळे विकता आले तरी वाटाघाटीच्या टेबलावर मुलाची बाजू तेवढीच दुबळी राहील.

फेऱ्या कमी करण्याचा प्रश्न वेगळा आहे. २०११ पर्यंत ५० फेऱ्या होत, २०१२ पासून ४०, २०२० मध्ये महासाथीचे कारण देऊन फक्त ५, आणि २०२१ पासून २०. त्याच सुमारास मायनर लीगचे, म्हणजे मुख्य संघांसाठी खेळाडू तयार करणाऱ्या खालच्या लीगचे, संलग्न संघ १६० वरून १२० केले गेले. माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत निवडला गेला होता आणि आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे; मेजर लीगमध्ये दीर्घकाळ खेळलेला पिचर मार्क ब्यूरली ३८ व्या फेरीतला. संघांचे म्हणणे असे की विसाव्या फेरीनंतरची मुले ड्राफ्टबाहेर राहून कोणत्याही संघाशी करार करू शकतात, म्हणजे त्यांना उलट निवडीचे स्वातंत्र्य मिळते. या म्हणण्यात तथ्य आहे. पण अनेक दारे उघडी असून उपयोग काय, जर आतल्या खोल्याच कमी केल्या असतील?

आता मी माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रस्तावाकडे वळतो. ड्राफ्ट लागू आहे तो अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोसह अमेरिकी प्रदेशांतल्या मुलांना. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएला इथली मुले सोळाव्या वर्षी थेट कोणत्याही संघाशी करार करतात. तिथेही ड्राफ्ट आणावा ही लीगची जुनी मागणी आहे. २०२२ मध्ये मालकांनी खेळाडूंविरुद्ध पुकारलेली ९९ दिवसांची टाळेबंदी संपवताना हा एकच मुद्दा २५ जुलैपर्यंत पुढे ढकलला गेला. लीगचा शेवटचा प्रस्ताव सर्व बोनस मिळून १९ कोटी १० लाख डॉलरचा होता, खेळाडू संघटनेची मागणी २६ कोटींची होती, आणि बोलणी मोडली. चालू करार येत्या १ डिसेंबर २०२६ रोजी संपत असल्याने हा विषय पुन्हा पुढे येणारच.

आजची तिथली स्थिती मी सुशोभित करून सांगणार नाही. सोळाव्या वर्षी सही होते हे नियमातले वय आहे. तोंडी सौदा तेराव्या-चौदाव्या वर्षीच ठरलेला असतो. गावातला एक प्रशिक्षक, ज्याला तिथे ‘बुस्कोन’ म्हणतात, मुलाला बारा वर्षांचा असतानाच घरातून नेतो, त्याच्या खाण्याराहण्याचा खर्च करतो, शाळा सुटते, आणि दिवस ६० यार्डांच्या धावेचे सेकंद मोजण्यात जातो. बदल्यात बोनस मिळाला की त्यातला तीस टक्के किंवा त्याहून मोठा वाटा प्रशिक्षकाचा. तोंडी सौद्याला कायद्याचे बळ नसते; संघाचे मन फिरले तर पंधराव्या वर्षी तो मुलगा रिकाम्या हाताने परततो, आणि तोवर इतर संघांचे पैसे दुसऱ्यांना कबूल झालेले असतात. उत्तेजक द्रव्ये, खोटे जन्मदाखले हे सारे या घाईतून उपजते. वरचे संघही स्वच्छ नाहीत. २०१७ मध्ये अटलांटा ब्रेव्हजने बोनसच्या मर्यादा चुकवल्याचे उघड झाले, तेव्हा त्यांचे १३ परदेशी तरुण खेळाडू मुक्त केले गेले.

ड्राफ्ट आला तर तेराव्या वर्षीचे सौदे निरर्थक होतील, कारण कोणता संघ कोणाला निवडेल हे आधी ठरवताच येणार नाही. लीगचा हा युक्तिवाद मला पटतो. तरीही मी या प्रस्तावाच्या बाजूने उभा राहू शकत नाही, आणि त्याचे कारण प्वेर्तो रिको आहे. १९८८ मध्ये इव्हान रॉड्रिगेझने तिथे सोळाव्या वर्षी टेक्सास रेंजर्स संघाशी करार केला होता. लवकरच ते बेट ड्राफ्टमध्ये घातले गेले. आपण घडवलेला मुलगा दुसराच संघ उचलून नेणार असेल तर घडवण्यावर पैसा कोण घालील? बेटावर संघांची गुंतवणूक आटली, आणि तिथल्या बेसबॉलच्या पडतीचा दोष अनेक जण याच नियमाला देतात. कार्लोस कोरेआ २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला हे उदाहरण लीग पुढे करते. पण तो तयार झाला होता गुराबोच्या बेसबॉल अकादमीत, आणि त्याला मिळाले ४८ लाख डॉलर, क्रमांकाची रक्कम ७२ लाख असताना. उरलेल्या पैशांतून ह्यूस्टनने ४१ व्या क्रमांकाच्या लान्स मॅककलर्सला २५ लाख दिले. संघाची हुशारी म्हणून या खेळीचे कौतुक झाले. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आज सर्व ३० संघांच्या अकादम्या आहेत. ड्राफ्ट आल्यावर त्या कोणासाठी चालतील, याचे उत्तर कुठल्याही प्रस्तावात मला दिसलेले नाही. डेव्हिड ऑर्टिझसारख्या मोठ्या खेळाडूने २०२२ मध्ये जाहीरपणे सावधगिरीचा इशारा दिला, तो याच पोटी.

आणि हे सगळे ठरवते कोण? मालक आणि खेळाडू संघटना. संघटना प्रतिनिधित्व करते आधीच खेळत असलेल्यांचे. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू तिच्यात आले आणि २०२३ च्या पहिल्याच करारात अगदी खालच्या पातळीवरची वार्षिक मजुरी ४,८०० वरून १९,८०० डॉलरवर गेली. टेबलावर जागा मिळाल्याने काय होते याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. पण डॉमिनिकन समर लीगमधली, म्हणजे तिथल्या अकादम्यांच्या सर्वांत खालच्या लीगमधली, मुले त्या सभासदत्वाबाहेरच राहिली, आणि करार न झालेला चौदा वर्षांचा मुलगा तर कुठेच मोजला जात नाही. २०२२ मध्ये परदेशी ड्राफ्टच्या बदल्यात लीग ‘क्वालिफाइंग ऑफर’ रद्द करायला तयार होती; मुक्त होणाऱ्या खेळाडूला जुना संघ एका वर्षाचा जो देकार देतो तो हा, आणि तो नाकारणाऱ्याला घेणारा नवा संघ ड्राफ्टमधले क्रमांक गमावतो, त्यामुळे त्या खेळाडूची मागणी घटते. हा लाभ मेजर लीगमध्ये सहा वर्षे काढून मुक्त झालेल्या खेळाडूंचा, आणि त्याची किंमत मोजणार होती ती मुले. संघटनेने तो सौदा नाकारला याबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे, पण तो सौदा मांडता आला हीच मला खरी अडचण वाटते.

म्हणून डिसेंबरनंतर नवा मसुदा येईल तेव्हा मी लॉटरीचे आणि फेऱ्यांचे आकडे नंतर वाचेन. आधी शोधेन ते संक्रमणाचे कलम. जो डॉमिनिकन मुलगा आज तेरा वर्षांचा आहे, तो २०२९ मध्ये सोळा वर्षांचा होईल. त्याचा तोंडी सौदा कदाचित याच महिन्यात ठरत असेल, त्याच्या घरच्यांनी त्या भरवशावर प्रशिक्षकाचे पैसेही उचललेले असतील. ड्राफ्ट २०२८ पासून लागू झाला तर तो सौदा एका रात्रीत रद्द होईल आणि उचल मात्र अंगावर राहील. त्या उचलीचे काय करायचे, ती कोणी फेडायची, हे मसुद्यात लिहिलेले असले पाहिजे.