वेस्लींची आई, साराची सभा आणि एक पळवाट

नमस्कार मंडळी! मेथडिस्ट म्हणजे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला ख्रिस्ती पंथ. मेथडिस्ट म्हटलं की त्याचे संस्थापक जॉन वेस्लींचं नाव येतं. त्या पंथात बायकांनी उपदेश करायचा की नाही, याची गोष्ट मी त्यांच्या आईपासून सुरू करणार आहे.

१७१२ चा हिवाळा, इंग्लंडमधलं एपवर्थ गाव. तिथले पाळक सॅम्युअल वेस्ली चर्चच्या कामासाठी लंडनला गेलेले. मागे पत्नी सुझॅना आणि पोरंबाळं. जॉन तेव्हा आठ वर्षांचा. रविवारी संध्याकाळी ती घरच्यांसोबत प्रार्थना करायची, एखादा छापील उपदेश वाचून दाखवायची. शेजारपाजारचे येऊन बसू लागले. बघता बघता दोनशेच्या वर माणसं! जागा नाही म्हणून कितीतरी जण परत गेले, असं तिनेच नवऱ्याला कळवलंय.

चर्च सांभाळायला ठेवलेल्या बदली पाळकाला हे झोंबलं. त्याने लंडनला तक्रार धाडली. नवऱ्याने बंद करायला सुचवलं, तर सुझॅनाचं उत्तर असं: नुसती इच्छा कळवू नका. स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे देवापुढे जाब द्यायची वेळ आली तर दोष माझ्यावर नको. घ्या आता! असा हुकूम कोण काढणार?

आता थेट १७६१. डर्बी शहरात सारा क्रॉस्बी एका छोट्या वर्गाची, म्हणजे मेथडिस्ट भाविकांच्या गटाची, पुढारी. तीसेक जण येतील असा अंदाज, आले दोनशेच्या आसपास. एकेकाशी बोलणं अशक्य, म्हणून ती सगळ्यांसमोर उभी राहून बोलली. मग धास्तावली आणि जॉन वेस्लींना पत्र लिहिलं. त्यांनी पळवाट काढून दिली: मेथडिस्टांत बायका उपदेश करत नाहीत, मीही उपदेशक नाही, फक्त मनातलं सांगते, असं लोकांना सांग. आणि बोल! माझ्या मते वेस्ली इथे चक्क वकिली करतायत.

पुढे ते स्वतःच बदलले. १७७१ मध्ये उपदेश करणाऱ्या मेरी बोसांकेटला त्यांनी लिहिलं, तुला असाधारण पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे. १७८७ मध्ये सारा मॅलेट या दुसऱ्या बाईला मँचेस्टरच्या कॉन्फरन्सने, म्हणजे मेथडिस्ट उपदेशकांच्या वार्षिक सभेने, उपदेशाची परवानगीच दिली.

१७९१ मध्ये वेस्ली गेले. १८०३ च्या कॉन्फरन्सने बायकांचे हात बांधले: पुरेसे उपदेशक आहेत, बायकांची गरज नाही, अगदीच पाचारण वाटलं तर फक्त बायकांपुढे बोला, तेही परवानगी काढून.

मेरी बोसांकेट तेव्हा साठी ओलांडलेली होती, विधवा. श्रॉपशरमधल्या मॅडली गावात तिची प्रवचनं पुढेही चालू राहिली, १८१५ मध्ये ती गेली तोवर.