खोऱ्यात रेडिओ कुठवर पोचतो?

(चिपळूणमधल्या श्रोत्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आकाशवाणीच्या माहितीत एक आकडा नेहमी दिलेला असतो. देशाचा सुमारे ९२ टक्के भूभाग आणि ९९.१९ टक्के लोकसंख्या आकाशवाणीच्या टप्प्यात येते. या आकड्याशी माझं भांडण नाही. पण वाशिष्ठीच्या खोऱ्यातल्या एखाद्या वाडीत, रात्री साडेआठ वाजता, पाऊस कोसळतोय, लाइट गेलेत, अशा वेळी हातातल्या रेडिओवर बातम्यांचा शब्द न् शब्द कळतो का? याचं उत्तर त्या आकड्यात सापडत नाही. आज मला तेवढ्या एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

२२ जुलै २०२१ला पूर आला तेव्हा या गावात काय झालं, ते मी तुम्हाला सांगायला नको. वीज गेली, फोन मुके झाले. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मंडणगड-दापोलीच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइलचा टॉवर गावात असतो, त्यामुळे गावावर संकट आलं की तोही संकटात सापडतो. रेडिओचा ट्रान्समीटर पन्नास-शंभर किलोमीटर लांब असतो. तिथे पाणी चढलेलं नसतं. दोन सेलवर चालणारा रेडिओ अशा रात्री कामाला येतो, पण लहर तिथवर पोचली तरच.

आता लहर पोचते कशी ते पाहू. रत्नागिरी केंद्राची ओळख म्हणजे ११४३ किलोहर्ट्झ. पुणे ७९२, सांगली १२५१, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८. जुन्या श्रोत्यांना हे आकडे पाठ असतील. या प्रत्येक आकड्याला नऊने भागून बघा, पूर्ण भाग जातो. जळगावचा ९६३ घ्या, परभणीचा १३०५ घ्या, तेच. कारण युरोप, आफ्रिका आणि आशिया यांच्यासाठी १९७५मध्ये जिनिव्हात मध्यम लहरींची, म्हणजे रेडिओवरच्या ‘मीडियम वेव्ह’ची, जी वाटणी झाली, ती नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या पट्ट्यांत झाली. पट्टे थोडे, केंद्रं फार. म्हणून एकच पट्टा अनेक देशांतल्या केंद्रांना वाटून दिलेला आहे. हे लक्षात ठेवा, रात्रीबद्दल बोलताना मी त्याकडे परत येणार आहे.

११४३ किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी साधारण २६२ मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते आणि डोंगरावरून वाकून पलीकडच्या उतारावर उतरते. तिचा खरा शत्रू डोंगरापेक्षाही कोरडी, खडकाळ जमीन आहे. जांभ्याचा उन्हाने तापलेला सडा विजेच्या दृष्टीने अगदी वाईट वाहक, तो लहर गिळतो. समुद्राचं खारं पाणी अशा जमिनीच्या हजारो पट चांगलं वाहक असतं. त्यामुळे मालाडहून निघालेली मुंबई केंद्राची लहर पाण्यावरून दापोली-गुहागरच्या किनाऱ्याला पोचते तेव्हा तिच्यात अजून पुष्कळ जोर असतो. तेवढंच अंतर घाटमाथ्यावरून कापावं लागलं तर ती थकते. अंतर सारखं असूनही किनाऱ्यावरच्या आणि आतल्या गावाचा अनुभव वेगळा का, याचं कारण हे. नकाशावर ट्रान्समीटरभोवती काढलेलं गोल वर्तुळ कोकणात कधीच गोल नसतं.

आणि रात्री ते आणखीच बिघडतं. दिवसा साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित भागाचा, थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि वर गेलेल्या लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून जमिनीवर परततात. त्याने दोन गोष्टी होतात. एक तर त्याच पट्ट्यावरची शेकडो-हजारो किलोमीटरवरची केंद्रं आपल्या केंद्रावर चढतात, मागे शिट्टीसारखा सूर ऐकू येतो, परकी भाषा कानी पडते. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. आपल्याच केंद्राची जमिनीवरून आलेली लहर आणि आकाशातून परतलेली लहर एकाच ठिकाणी भेटतात आणि एकमेकींना खातात. आवाज वर-खाली होतो, मधूनच विरून फाटका येतो. ट्रान्समीटरपासून फार जवळ नाही, फार लांबही नाही, अशा मधल्या पट्ट्यात हा त्रास सर्वांत जास्त. रत्नागिरी ते चिपळूण सरळ रेषेत साधारण ६५ किलोमीटर. ताकद वाढवली म्हणून हा दोष जात नाही, कारण दोन्ही लहरी सारख्याच वाढतात.

हे झालं निसर्गाचं. आता आपण स्वतः काय करतो तेही पाहायला हवं. लाइट गेले की रेडिओ एकदम स्वच्छ लागतो, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. स्वस्त एलईडी बल्ब, फोनचे चार्जर, सौर पॅनेलचे इन्व्हर्टर, पंपांची वेग-नियंत्रकं, या सगळ्यांच्या पोटात सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारी मंडलं, म्हणजे सर्किट, असतात. त्यांची खरखर थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात सांडते. ती रोखायला आत फिल्टर लागतो. स्वस्त मालात नेमका तोच गाळलेला असतो. घरात खरखर येत असेल तर रेडिओ सेलवर चालवा, मेन स्विच बंद करा आणि ऐका. आवाज सुधारला तर चोर घरातच आहे. मग एकेक उपकरण चालू करत जा. दुसरा उपाय आणखी सोपा. मध्यम लहरींसाठी रेडिओच्या आत फेराइटची आडवी कांडी असते, ती एका दिशेला बहिरी असते. रेडिओ सावकाश फिरवत राहा, एका कोनात खरखर दबते आणि केंद्र वर येतं.

किनाऱ्यालगत आणखी एक कारण आहे, त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. खारा वारा विजेच्या खांबांवरच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसवतो. दवाने तो ओलसर झाला की बारीक ठिणग्या झडत राहतात आणि आख्खी लाइन खरखर प्रक्षेपित करते. पहिल्या जोरदार पावसाने मीठ धुतलं जातं. म्हणजे वादळाचे इशारे ऐकायचे ते एप्रिल-मेचे दिवस, आणि हा त्रासही नेमका त्याच दिवसांत शिखरावर. लाइनमनला हे सांगावं, इन्सुलेटर धुऊन घेण्याचा आग्रह धरावा. रेडिओची खरखर म्हणजे त्या खांबावर बिघाड सुरू झाल्याची सूचनाही असते.

रेडिओच्या शांततेची किंमत समजून घेतलेली एक जागा महाराष्ट्रातच आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण उभी राहिली. जागा निवडताना माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट तिथे कमी आहे, हे बघितलं गेलं. तिथे डोंगर आडोसा देतात.

असाच आडोसा एफएमलाही मिळतो, पण त्याला दुसरी बाजू आहे. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची. ती उजेडासारखी सरळ जाते, डोंगराआड सावली पडते. मनोऱ्याच्या उंचीचं, मीटरमधलं, वर्गमूळ घ्या आणि ४.१ने गुणा, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. शंभर मीटरच्या मनोऱ्याला ४१ किलोमीटर. छपरावरच्या अँटेनाचे सात-आठ त्यात मिळवा. रत्नागिरी-चिपळूण अंतर आठवा, मध्ये एकही डोंगर नाही असं धरलं तरी हिशेब जुळत नाही. सह्याद्रीची भिंत मात्र वाहिन्या वाटणाऱ्यांना मदत करते. ९३.५ मेगाहर्ट्झवर मुंबईतही खासगी केंद्र आहे आणि पुण्यातही. एफएमच्या रेडिओत दोन केंद्रं आली तर जास्त जोराचं केंद्र दुसऱ्याला पूर्ण दाबतं, म्हणून घाटात एका वळणावर एक शहर आणि पुढच्या वळणावर दुसरं शहर लागतं.

एफएम स्वच्छ आहे, स्वस्त आहे, मोटारीत आणि काही फोनमध्ये आहे. त्याचा विस्तार व्हावा अशी माझीही इच्छा आहे. २८ एप्रिल २०२३ला देशात १०० वॉटचे ९१ ट्रान्समीटर एकदम सुरू झाले, ही चांगलीच गोष्ट. पण १०० वॉटचा आवाका सपाट मुलखात दहा-पंधरा किलोमीटर. इथल्या खोऱ्यांत तो पुढच्या डोंगरापाशी थांबतो. फोनमधल्या एफएमला तर अँटेना म्हणून वायरचा इअरफोन लागतो, तो हल्ली किती जणांच्या खिशात असतो?

मध्यम लहरींचे ट्रान्समीटर महाग पडतात हे खरं आहे. विजेचं बिल मोठं, मनोऱ्याभोवती तांब्याच्या तारा पुरलेली एकरांनी जमीन, जुने सुटे भाग. त्यामुळे ते बंद करावेत असं म्हणणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. माझी अट एकच आहे. एफएमने ती खोरी भरून काढली, हे तिथे जाऊन मोजल्याशिवाय कोकण किनाऱ्यावरचा एकही मध्यम लहरींचा ट्रान्समीटर बंद होता कामा नये. कागदावरच्या वर्तुळावर विसंबून एखादी वाडी मुकी करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मोजायला महागडं यंत्र नसलं तरी अडत नाही. दूरची केंद्रं ऐकणारे हौशी लोक ‘सिन्पो’ नावाची पाच आकड्यांची नोंद ठेवतात. पहिला आकडा केंद्राच्या जोराचा, दुसरा इतर केंद्रांच्या अडथळ्याचा, तिसरा खरखरीचा, चौथा आवाज वर-खाली होण्याचा, पाचवा एकूण समजण्याचा. प्रत्येकाला १ ते ५ गुण, ५ म्हणजे उत्तम. शाळेतली मुलं हे सहज करतील. एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात. सकाळच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांना एक नोंद आणि दिवेलागणीनंतर एक. सोबत वाडीचं नाव, केंद्र, वेळ आणि लाइट होते की नव्हते, एवढं लिहा. त्या वह्यांची एक प्रत केंद्राला आणि एक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्या. पुढची सहक्षेपण केंद्रं, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम पुढे पोचवणारे ट्रान्समीटर, कुठल्या डोंगरावर हवीत, हे त्यातून स्पष्ट दिसेल.