गाडी जाऊ द्या, मग बोला

(केनेडी ब्रिज. रात्रीचा दीड. खाली रिकामे रूळ.)

ग्रँट रोड आणि चर्नी रोड या दोन स्टेशनांच्या मधला हा केनेडी ब्रिज. शेवटची लोकल बोरिवलीकडे निघून गेली. पहिली गाडी यायला अजून अडीचेक तास आहेत. मुंबईच्या रुळांना डोळा लागतो तो एवढाच.

नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला, याच वेळेला इथे जवळच माणसं श्वास रोखून उभी असायची. अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत 'आलम आरा'चं शूटिंग चालू होतं. देशातला पहिला बोलपट. तोवर मुका सिनेमा दिवसाढवळ्या, गोंगाटात व्हायचा. कॅमेरा चालू असताना दिग्दर्शक खुशाल ओरडून सूचना द्यायचा, पडद्यावर काय ऐकू येणार होतं? आता आवाज चित्राबरोबरच मुद्रित होणार होता. मागाहून भरायची सोय नव्हती, स्टुडिओच्या भिंती आवाज अडवणाऱ्या नव्हत्या आणि लोहमार्ग अगदी शेजारी. मग वेळ ठरली रात्री एक ते चार. माइक कुठे आडोशाला, कुठे कपड्यांत लपवायचे, दिवे लावायचे आणि पहिल्या गाडीच्या आत जमेल तेवढं बोलून घ्यायचं.

१४ मार्च १९३१. गिरगावातलं मॅजेस्टिक सिनेमागृह. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. आज या चित्रपटाची एकही प्रत शिल्लक नाही. एवढ्या जागरणाने मिळवलेला तो आवाज आपल्यापैकी कुणालाच ऐकता येत नाही. मॅजेस्टिकही राहिलं नाही. आज गिरगावात हे नाव घेतलं की पुस्तकांचं दुकान आठवतं.

(काळा घोडा. एस्प्लनेड मॅन्शनचा जुना लोखंडी सांगाडा.)

गंमत अशी की या शहरात सिनेमा आला तोच मुळी आगगाडी घेऊन. ७ जुलै १८९६ रोजी, याच इमारतीत, तेव्हाच्या वॉटसन हॉटेलात, फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया. सहा छोट्या चित्रांतलं एक होतं स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचं. अर्थात मुकी गाडी. धूर दिसतो, शिट्टी नाही.

त्या वेडाने झपाटलेल्यांत एक छायाचित्रकार होते, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती लावून ती टिपली. आपल्या माणसाने आपल्या मातीतलं टिपलेलं हे पहिलं चलच्चित्र, आणि त्यात ना राजा ना देव, दोन पैलवान. मला हे फार आवडतं.

(दादर पूर्व. दादासाहेब फाळके मार्गाची पाटी.)

मग फाळके. त्यांची गोष्ट प्रत्येक मराठी घराला पाठ आहे, म्हणून फक्त दादरच्या घराबद्दल बोलू. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनहून कॅमेरा आणला, आणि घराचाच कारखाना झाला. सरस्वतीबाई मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि अंधारात बसून फिल्मला भोकंही पाडायच्या. पहिल्या चित्रपटात त्यांचा हात किती होता, हे पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकतं. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. चार वर्षांनी याच साळुंक्यांनी 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही रंगवले.

पण मुंबईच का? कोल्हापूर, पुणे, कलकत्ता, लाहोर, सगळीकडे सिनेमा होत होता. मुंबईत कापसाचा पैसा होता, पारशी रंगभूमीने तयार केलेले नट होते, आणि गिरणीची पाळी सुटल्यावर चार आणे खर्चायला तयार असलेला प्रेक्षक होता. दादरच्या रणजित स्टुडिओचे चंदुलाल शहा सिनेमाइतकेच कापसाच्या सट्ट्यात रमलेले. ज्यांच्या दारात गाड्यांची रांग लागायची, ते अखेरीस बसने फिरत, असं सांगतात. पैसा आला तसाच गेला.

(मालाड पश्चिम. पत्र्याच्या शेडी, वेल्डिंगच्या ठिणग्या.)

बोलपटाला शांतता हवी आणि शांतता हवी तर जागा हवी. गिरगावात दोन्ही नव्हतं. स्टुडिओ उत्तरेला सरकले. १९३४ साली हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी थेट मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली. दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन जर्मन, छायालेखकही जर्मन. लॅबोरेटरीत काम करणारा एक बंगाली तरुण इथेच नायक झाला, अशोककुमार. बॉम्बे टॉकीजमधलेच काही जण १९४३मध्ये वेगळे झाले आणि शेजारच्या गोरेगावात फिल्मिस्तान स्टुडिओ निघाला. १९७७मध्ये सरकारने चित्रनगरी वसवली, तीही गोरेगावलाच. बॉम्बे टॉकीजचं नाव आज या कंपाउंडपुरतं उरलंय. पाहताय ना, इथे आता वेल्डिंग चालतं. शांतता शोधत आलेल्यांच्या जागेवर.

सगळेच गाडीपासून पळाले नाहीत बरं का. परळच्या वाडिया मूव्हीटोनने १९३६मध्ये 'मिस फ्रंटियर मेल' काढला आणि मारधाडीच्या चित्रपटांची नायिका नाडिया हिला सरळ धावत्या गाडीच्या टपावर चढवून गुंडांना बदडायला लावलं. दिग्दर्शक शांतारामबापूंनी १९४२मध्ये राजकमल स्टुडिओ सुरू केला तो याच वाडियांच्या जागेत.

(चाळीचा कठडा. वाळत घातलेले कपडे.)

पडद्यावरच्या मुंबईत मात्र आवाज हळूहळू शिरला. १९७०चा 'मुंबईचा जावई' आठवा. नव्या जोडप्याला चाळीतल्या घरात दोन घटका एकांत मिळत नाही, एवढीच गोष्ट. भिंतीपलीकडचं खोकणंही ऐकू येतं, हे न कळणाऱ्याला ती गोष्ट कळणार नाही. पुढे कॅमेरे हलके झाले, मंडळी फुटपाथवर, फलाटावर, बसस्टॉपवर उतरली. पण जागेवरचा आवाज फक्त अंदाजापुरता घ्यायचा, संवाद मग डबिंगला. आणि दृश्य रेल्वेलगतच्या खोलीतलं असेल तर लोकलची धडधड टेपवरून आणून घालायची! अर्देशीर इराणींनी हे पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सिंक साउंड रुळला. आवाज पुन्हा जागेवरच घ्यायचा. म्हणजे हेडफोन लावलेला माणूस पुन्हा हात वर करतो आणि अख्खं युनिट थांबतं.

(पुन्हा केनेडी ब्रिज. उजाडतंय.)

हे निवेदन आम्ही स्टुडिओत नाही, इथेच पुलावर उभं राहून मुद्रित केलं. आवाज स्वच्छ यावा म्हणून रात्री आलो होतो. चहा, बॅटरी आणि एक बिघडलेला माइक यांत चार वाजून गेले. ऐकू येतंय? चर्चगेटकडे जाणारी आहे. जाऊ दे तिला.