पाचशे वस्तीच्या गावाच्या मेयर

आज मी युनिटा ब्लॅकवेल यांच्याविषयी बोलणार आहे. १९७६ साली त्या मेयर्सव्हिलच्या मेयर झाल्या. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात मेयर झालेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. गाव म्हणाल तर जेमतेम पाचशे वस्तीचं, मिसिसिपी नदीच्या पूरबांधाच्या आडोशाला वसलेलं. पण इसाक्वीना काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, कोर्ट इथंच. आणि त्या कोर्टाच्या पायऱ्यांवरच या बाईंचं सार्वजनिक आयुष्य सुरू झालं.

जन्म १९३३चा, लुला नावाच्या गावी. आईवडील गोऱ्या मालकाच्या जमिनीवर वाट्यानं कापूस करायचे. काळ्या मुलांची शाळा कापसाच्या हंगामाप्रमाणे उघडायची आणि बंद व्हायची. म्हणून युनिटाला आर्कान्सामध्ये नातेवाईकांकडे ठेवलं. तिथं आठवीपर्यंत शिक्षण झालं. मग लग्न, मुलगा आणि पुन्हा कापसाची शेतं.

१९६४ साली काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेचे कार्यकर्ते मेयर्सव्हिलला आले. चर्चमध्ये मुलांना शिकवणाऱ्या युनिटाबाई इतर काही जणांबरोबर मतदार म्हणून नाव नोंदवायला कोर्टात गेल्या. तिथं परीक्षा असायची. राज्याच्या घटनेतलं एक कलम लिहून त्याचा अर्थ सांगायचा आणि तो पटला की नाही हे तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यानं ठरवायचं. त्यांना नापास केलं. शेतावरचं कामही लगेच बंद झालं. त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला नाव लागलं. त्याच वर्षी नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांच्यासोबत त्या अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाला गेल्या. मिसिसिपीच्या गोऱ्या प्रतिनिधींऐवजी आम्हाला बसवा, अशी या मंडळींची मागणी होती. त्यांना दोनच जागा देऊ केल्या, त्या त्यांनी नाकारल्या. पुढं मुलांनी स्निकचे बिल्ले लावले म्हणून शाळेनं तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांना काढलं. तेव्हा युनिटाबाईंनी थेट काउंटीच्या शिक्षण मंडळावर खटला भरला. बिल्ल्यांचा मुद्दा त्या हरल्या, पण त्याच खटल्यातून शाळांमधला वर्णभेद मोडण्याचा आदेश निघाला.

त्यांच्यावर लिहिताना लोक बहुतेक इथंच थांबतात. मला मात्र त्यांचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं.

आपल्याकडे प्रत्येक गाव कुठल्या ना कुठल्या ग्रामपंचायतीत येतं. अमेरिकेत तसं नाही. वस्तीनं रीतसर नगर म्हणून मान्यता मिळवली नाही, तर तिचा स्वतःचा कारभारच नसतो. काउंटी करेल तेवढं खरं. नळपाण्याची योजना, सांडपाण्याची वाहिनी, घरकुलांचं अनुदान, हे सगळं मागायचं तर मागणाऱ्या गावाला कायद्यानं अस्तित्व लागतं. आणि काउंटीत काळ्या लोकांची बहुसंख्या असूनही कारभारात त्यांना फारसं स्थान नव्हतं. युनिटाबाईंनी आधी मेयर्सव्हिलला नगराचा दर्जा मिळवून दिला आणि मग त्याच्या मेयर झाल्या. सार्वजनिक पाणी आलं, सांडपाण्याची सोय झाली, रस्ते पक्के झाले, वृद्ध आणि अपंगांसाठी घरं उभी राहिली. ‘नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थेसाठी त्यांनी आधी गावोगाव घरबांधणीचं काम केलं होतं. सरकारी पैसा कुठं असतो आणि तो कसा मागायचा, हे त्या तिथं शिकल्या होत्या. मतदानाचा हक्क नळातून घरात आला पाहिजे, असं मी त्यांच्या कारकिर्दीकडे पाहून म्हणेन.

मेयर असताना त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जाऊन प्रादेशिक नियोजनाची पदव्युत्तर पदवी घेतली. आठवी शिकलेल्या बाई, पन्नाशीला आलेल्या! अनुभवाला शास्त्राची जोड हवी, हे त्यांना कळलं होतं, आणि मला त्यांचा याबद्दल फार आदर वाटतो. पुढं त्या देशभरातल्या कृष्णवर्णीय मेयरांच्या परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. चीनशी मैत्री वाढवणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. १९९२मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मानाचा सन्मान मिळाला. १९९३मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, निवडणूक मात्र त्या हरल्या. २०१९ साली त्यांचं निधन झालं.

एक प्रश्न त्यांच्या हाताबाहेरचा राहिला, तो रोजगाराचा. कापूस वेचणी यंत्रानं होऊ लागली, तणनाशकं आली आणि खुरपणीची कामं संपली. घर आणि पाणी आलं, तरी तरुण माणसं पोटासाठी बाहेर पडत राहिली. आज इसाक्वीना ही मिसिसिपीतली सर्वांत कमी लोकसंख्येची काउंटी आहे.