दासाचे रूप आणि देवाची उजवी बाजू

(मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात, सोयाबीनची काढणी आटोपल्यावर झालेल्या सभेतील व्याख्यान)

बंधू-भगिनींनो,

आज येथे ख्रिस्ती मंडळीतील लोकांबरोबर गावातील वारकरीही बसले आहेत, याचा मला आनंद आहे. त्यांच्यापैकी एका काकांनी मघाशी विचारले की, येशूला तुम्ही देव मानता, तर तो गुन्हेगारासारखा का मेला? या प्रश्नाला बगल देऊन ख्रिस्ताविषयी काहीच बोलता येत नाही. म्हणून येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या, बायबलमधील पत्राचा दुसरा अध्याय मी आज घेतला आहे.

फिलिप्पै हे मासेदोनियातील रोमन वसाहतीचे शहर. इ.स.पू. 42 च्या लढाईनंतर निवृत्त सैनिकांना तेथे जमिनी मिळाल्या, आणि रोमन नागरिकत्वाचा तोरा त्या शहरात पुढेही टिकून राहिला. तेथील लहानशा मंडळीत दोन कार्यकर्त्या बहिणींचे पटत नव्हते. मंडळीतली भांडणे काही आपण शोधून काढलेली नाहीत! त्या मंडळीला पौल तुरुंगातून नम्रतेविषयी लिहितो, आणि लिहिता लिहिता थेट ख्रिस्ताच्या देवत्वापर्यंत जाऊन पोहोचतो. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा होता, तरी देवाच्या बरोबरीचे असणे त्याने स्वतःच्या लाभासाठी वापरले नाही; त्याने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि मरण, तेही वधस्तंभावरचे म्हणजे क्रुसावरचे मरण, सोसण्याइतका तो आज्ञाधारक झाला. या ओळी पौलाच्याही आधी मंडळीत गायिल्या जात असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात.

रिते केले म्हणजे देवपण टाकून दिले, असे ख्रिस्ती मंडळी मानत नाही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अरियस नावाचा पाळक शिकवू लागला की, पुत्र, म्हणजे ख्रिस्त, श्रेष्ठ असला तरी तो निर्माण केलेला आहे. त्यावर 325 साली निकिया येथे भरलेल्या धर्मसभेने पुत्र निर्माण केलेला नसून पित्याशी एकतत्त्व आहे, असे ठरवले. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. वधस्तंभावर जो मेला तो देवाने पाठवलेला कोणी दूत असेल, तर देव स्वतः मात्र आपल्या दुःखापासून दूरच राहिला, असे म्हणावे लागते.

योहानाच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय पाहा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, हे जाणून येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पावसाळ्यात शेतातून परतल्यावर टाचेच्या भेगांत शिरलेली काळी माती काढायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. तेथे तर ते दासाचे काम होते. पेत्र ‘माझे पाय नको’ म्हणतो, यात नवल नाही. ज्याने येशूला धरून देण्याचे ठरवले होते तो यहूदाही त्या वेळी तेथेच होता, आणि त्याला वगळल्याचा उल्लेख योहान करीत नाही.

वधस्तंभ ही त्याच्याही खालची पायरी. ती शिक्षा मुख्यतः दासांना आणि बंडखोरांना दिली जाई. रोमन नागरिकाला ती सहसा होत नसे. फिलिप्पैच्या लोकांना यातील लाज समजावून सांगावी लागली नसेल.

यानंतर पौल लिहितो की, म्हणूनच देवाने त्याला अत्युच्च केले. येथे आपली समजूत हमखास घसरते. मतदानाच्या दिवसापर्यंत दारोदार हात जोडणारा उमेदवार निवडून आला की त्याच्या गाडीची काचसुद्धा खाली होत नाही; ख्रिस्तानेही काही काळ वाकून मग खुर्ची मिळवली, असा अर्थ आपण नकळत लावतो. मला हा अर्थ मान्य नाही. तो वाकला तेव्हाही देवच होता, आणि उंचावला गेल्यावरही तो तोच राहिला. पौल पुढे म्हणतो की, त्याच्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील पंचेचाळिसाव्या अध्यायात हाच मान देव फक्त स्वतःसाठी राखून ठेवतो. तो मान पाय धुणाऱ्याला मिळतो आणि त्याने पित्याचेच गौरव होते.

अवतारकार्य संपल्यावर देव ते रूप सोडून स्वधामी जातो, असे आपण कथाकीर्तनात ऐकतो. ख्रिस्ती विश्वास येथे वेगळा आहे. पुनरुत्थानानंतर येशू आपला शिष्य थोमा याला हातांवरचे व्रण दाखवतो, आणि त्याच देहाने चाळीस दिवसांनी त्याचे स्वर्गारोहण होते. 451 सालच्या खल्केदोनच्या धर्मसभेने तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचे सांगितले. हे मनुष्यपण स्वर्गातही संपत नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात राजासनाजवळ कोकरा, म्हणजे ख्रिस्तच, दिसतो, तोही वधलेला.

स्वर्गात ख्रिस्त देवाच्या उजवीकडे बसला आहे, असे आपण मानतो; पण ते बसणे म्हणजे आराम करणे नव्हे. 110 व्या स्तोत्रातील ते राजाचे स्थान आहे, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रानुसार तेथे तो आपल्यासाठी सदैव मध्यस्थी करतो. आपल्याप्रमाणेच तो सर्व बाबतींत पारखला गेला, मात्र पापाविना. लेकराच्या तापासाठी असो, पावसासाठी असो, की बँकेच्या नोटिशीच्या धास्तीने असो, ख्रिस्ती माणूस आपली प्रार्थना ‘येशूच्या नावाने’ म्हणून संपवतो, ती याच आधारावर.