बाह्य जननांगाचा कर्करोग: उशीर कुठे होतो?

श्रोतेहो, नमस्कार. स्त्रियांच्या कर्करोगाचा विषय निघाला की आपल्याला स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आठवतो. आज मी बोलणार आहे तो योनीमार्गाच्या बाहेरच्या त्वचेवर होणारा कर्करोग त्या मानाने विरळा आहे. २०२० साली जगभरात त्याचे सुमारे ४५ हजार नवे रुग्ण आणि १७ हजारांवर मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

हा रोग पोटात दडून बसत नाही. तो डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, आणि तरीही खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायका मोठ्या रुग्णालयात पोहोचतात तेव्हा जखम चिघळलेली असते आणि जांघेत अवधाण आलेले असते. सुरुवात बहुधा खाजेने होते. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेली बाई ती कुणाजवळ बोलत नाही. फार तर सुनेला सांगते, आणि मग मेडिकलच्या दुकानातून गजकर्णाचे मलम येते. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते, त्यामुळे खाज चार दिवस निवते, पुन्हा सुटते, आणि दुसरे मलम येते. दवाखान्यात गेलीच, तर पुष्कळदा न तपासताच अंगावर पांढरे जाण्याच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. याचा दोष तिच्या लाजेवर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. जिथे पडदा धड नाही, डॉक्टरीणबाई नाहीत आणि दाराशी रांग लागलेली आहे, तिथे 'मला तपासा' असे तिने कोणत्या धीराने म्हणावे?

या रोगाच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. एक एचपीव्ही या विषाणूची, जो गर्भाशयमुखाच्या कर्करोगालाही कारणीभूत असतो. एचआयव्हीची लागण असलेल्या स्त्रियांना हा धोका अधिक आणि कमी वयात संभवतो. दुसरी वाट लायकेन स्क्लेरोसस या जुनाट त्वचाविकाराची. त्यात तिथली कातडी पांढरी, पातळ आणि सुरकुतलेली होते, आणि घरचे लोक त्याला कोड समजून झाकून ठेवतात. या विकारावर नेमून दिलेले औषध नियमित लावले तर पुढचा धोका बराच कमी होतो. मात्र ते डॉक्टरांनी पाहून दिलेले असावे.

निदानाला मोठे यंत्र लागत नाही. चांगला उजेड हवा, आणि संशयित जागेचा तुकडा तपासायला पाठवायला हवा. जागा बधिर करण्याचे एक बारीक इंजेक्शन देतात, पेनाच्या टोकासारख्या गोल पात्याने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि फॉर्मलीनच्या बाटलीत टाकतात. बाई त्याच दिवशी घरी जाते. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे.

रोग जांघेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे तिथे मुळातच असलेल्या बारीक गाठींपर्यंत, गेला आहे की नाही, यावर पुढचे बरेचसे ठरते. गाठी स्वच्छ असतील तर शंभरातल्या सुमारे नव्वद स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. गाठींत रोग उतरला की हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. अगदी आरंभी, म्हणजे रोग एक मिलिमीटरपेक्षा खोल गेलेला नसताना, जांघेची शस्त्रक्रियाही बहुधा टळते. रोगाची मूळ गाठ लहान असेल तर, रोग आधी जिथे पोहोचतो ती पहिली लसिकाग्रंथीच फक्त काढून तपासण्याची सोय मोठ्या केंद्रांत आहे. ती जिथे नाही तिथे जांघेतल्या सगळ्या ग्रंथी काढाव्या लागतात. मग पाय सुजतो, आणि जिचे पोट खुरपणीवर आहे तिला उकिडवे बसणे अवघड होते. वाचलेल्या बाईची ही किंमत आपण मोजतच नाही.

बार्शीचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी लक्षणांबद्दल बोलू लागले, आणि पुढच्या काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात येण्याचे प्रमाण वाढले.

आपल्याकडे गर्भाशयमुखाची सरकारी तपासणी ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे. ती करणाऱ्या सिस्टरांनी आत पाहण्याआधी बाहेरची त्वचाही नीट पाहावी. पण हा रोग बहुधा उतारवयात होतो, आणि पासष्टी ओलांडलेल्या आजी त्या टेबलापर्यंत येतच नाहीत. म्हणून आशाताईंनो, रक्तदाब विचारायला घरी जाल तेव्हा आजींना बाजूला घेऊन खाज, न भरणारी जखम, गाठ, लघवीची आग याबद्दलही विचारा. महिनाभरात बरे नसेल तर त्यांना सोबत घेऊन उपजिल्हा रुग्णालयात जा. शस्त्रक्रिया, किरणांचा शेक आणि केमो हे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, हे त्यांच्या मुलालाही सांगा.